हौशाबाईच्या नमुन्यावरची रेघ

प्रयोगशाळेच्या वहीत खाडाखोड करायची नसते. खोडरबर नाही, व्हाइटनर नाही, पान फाडणं तर नाहीच नाही. चूक झाली तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, आणि तीही अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी कारण, तारीख, सही. नोकरीच्या पहिल्या दिवशी पिपेट हातात द्यायच्या आधी मला हे शिकवलं गेलं. एकतीस वर्षं मी अशा रेघा मारल्या. बहुतेक सगळ्या विसरून गेले. एक विसरलेली नाही. कुठल्या वहीत, कुठल्या पानावर, हे झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

या अंकाच्या संपादकांनी फोन केला तेव्हा म्हणाले, "मॅडम, लॅबमधल्या गमतीजमती येऊ द्यात. दिवाळी आहे, जरा हलकंफुलकं." गमती होत्या. त्या सांगेन. पण हलकंफुलकं काही माझ्याकडून व्हायचं नाही, हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं. त्यांना तो माझा विनय वाटला.

मी शकुंतला. नागावहून आत, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. खाली भातशेतीवाल्यांची आळी, तिथे आमचं घर. आणि वर डोंगरात एक वाडी. अलिबागला बी.एस्सी. केलं आणि मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत तंत्रज्ञ म्हणून लागले. शास्त्रज्ञ नव्हे, तंत्रज्ञ. आमच्याकडे समज असा की शास्त्रज्ञाला डोकं असतं आणि तंत्रज्ञाला हात. पेपर छापून आला की डोकी वर नावानिशी झळकायची आणि हातांचे शेवटी, बारीक टायपात, आभार. कधी कधी तेही राहून जायचे.

काम काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

माणूस आजारी पडला की त्याच्या रक्तातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. शत्रू आलाय, धावा, ताप वाढवा, आता पुरे, थांबा. हे निरोप म्हणजे बारीक बारीक प्रथिनं असतात. ती रक्तात इतकी थोडी असतात की कुठल्याही दुर्बिणीतून दिसत नाहीत. ती पकडायला अँटीबॉडी लागते, म्हणजे प्रतिपिंड. एक अँटीबॉडी एकच प्रथिन ओळखते, बाकीच्यांकडे ढुंकून बघत नाही. निदान तसं बाटलीवर लिहिलेलं असतं.

शहाण्णव खळग्यांची एक प्लास्टिकची प्लेट येते, अप्पेपात्रासारखी, पण तळहाताएवढी. प्रत्येक खळग्याच्या तळाला पहिली अँटीबॉडी चिकटवायची. मग त्यात माणसाचं सीरम घालायचं. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणारं पिवळसर पाणी. त्यात निरोपाचं प्रथिन असेल तर ते तळाशी अडकतं. बाकीचं धुऊन टाकायचं. मग वरून दुसरी अँटीबॉडी घालायची, तिला रंग आणणारं रसायन जोडलेलं असतं. मधे प्रथिन अडकलेलं असेल तरच ती दुसरी टिकते, नाहीतर धुण्यात निघून जाते. टिकली की खळगा निळा होतो, त्यात थेंबभर आम्ल टाकलं की पिवळा. जितका गडद पिवळा, तितका निरोप जास्त. आम्ही याला सँडविच म्हणायचो. दोन पाव आणि मधे भाजी. भाजी नसेल तर वरचा पाव टिकत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

धुणं हाच यातला निम्मा धर्म. माझ्या आईला वाटायचं, मुलगी मुंबईत मोठी शास्त्रज्ञ आहे. मी तिला सांगायचे, "आई, मी तिथे दिवसभर भांडीच घासते, फक्त ती चिमुकली असतात." एका पीएचडीच्या मुलाने एकदा दुसऱ्या अँटीबॉडीऐवजी नुसतं पाणी घातलं आणि पांढरी स्वच्छ प्लेट हातात घेऊन आनंदाने नाचत आला, की त्याच्या औषधाने सगळा दाह विझवला. त्याला खरं सांगायचं काम माझ्याकडे आलं. नेहमी माझ्याकडेच यायचं.

आमच्या सरांचा विषय होता लेप्टो. आपल्याकडे लावणीच्या दिवसांत चिखलात तासन्‌तास उभं राहणाऱ्यांना हा ताप येतो. उंदीर-गुरांच्या मुताने नासलेलं पाणी पायाच्या चिरांतून आत शिरतं. बऱ्याच जणांचा इंजेक्शनांनी उतरतो. काहींचा मात्र दोन दिवसांत मूत्रपिंडावर, फुप्फुसावर जातो, आणि मग माणूस हाती लागत नाही. पहिल्या दिवशी दोघेही सारखेच दिसतात. कोण बरा होणार आणि कोण बिघडणार, हे पहिल्या दिवशीच कळलं तर बिघडणाऱ्याला वेळेत मोठ्या दवाखान्यात हलवता येईल. सरांना तेच हवं होतं. हेतू चांगला होता, हे मी आजही म्हणते.

त्यांनी निरोपाचं एक प्रथिन निवडलं आणि नमुने गोळा करायला आमच्या पट्ट्यातलं एक आरोग्य केंद्र. मी तिथली, म्हणून आणायचं काम माझ्याकडे. पावसाळ्यात मांडव्याहून मुंबईला जाणाऱ्या लाँच बंद. पावसातही चालणारी रो-रो बोट तेव्हा नव्हती. मग वडखळमार्गे एसटीने आइसबॉक्स मांडीवर घेऊन मुंबईपर्यंत. एसटीत आइसबॉक्स म्हटला की लोकांना एकच वाटतं. एकदा शेजारी बसलेल्या मावशींनी झाकणावर टिचकी मारून विचारलं, "पापलेट हाय का गो? कशी दिलीस?" मी म्हटलं, "मावशी, रक्त आहे." पेणपर्यंत त्या दुसऱ्या सीटवर जाऊन बसल्या आणि उतरताना कंडक्टरच्या कानात काहीतरी सांगून गेल्या.

तीन पावसाळे आम्ही नमुने जमवले. आणि प्लेट बोलली. जे बिघडले त्यांचे खळगे गडद पिवळे, जे बरे झाले त्यांचे फिके. इतका स्वच्छ निकाल मी आयुष्यात पाहिला नव्हता. सरांनी त्या दिवशी सगळ्यांना बटाटेवडे मागवले, स्वतःच्या हाताने माझ्या बशीत चटणी वाढली आणि म्हणाले, "शकुंतलाबाई, या पेपरात तुमचं नाव येणार. आभारात नाही, वर. लेखकांत."

मी घरी जाऊन रडले. आनंदाने. आता सांगायला लाज वाटते, पण रडले.

पेपर पाठवला. परीक्षकांचे प्रश्न आले, त्यातला एक असा: त्याच गावातल्या धडधाकट माणसांचे नमुने तपासले का? तपासले नव्हते. निरोगी माणसं म्हणून आम्ही घेतलेली सगळी आमच्याच संस्थेतली होती. विद्यार्थी, कारकून, लिफ्टवाला. सर म्हणाले, "शकुंतलाबाई, तुमचंच गाव आहे. दोन दिवसांत घेऊन या."

इथे माझी पहिली चूक. खालच्या आळीत रस्त्याला लागून आमचं घर. माझा थोरला भाऊ, त्याला मी दादा म्हणते, त्याच्या ओटीवर मी सुया मांडून बसले. दादाने आळीभर हाकारे घातले. वहिनीने प्रत्येकाला चहा आणि वर गुळाचा खडा दिला. मला बी.एस्सी. करता आलं ते या दोघांमुळे. दादा चौथीनंतर शाळेत गेला नाही. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी अकरावीत होते. मी कॉलेजला गेले की ती माझ्या वाट्याची लावणीही करायची. त्या दिवशी सगळ्यांत आधी तिनेच हात पुढे केला. "घे गो शके माझं. पन जास्ती नको हां, मंगळवारी नागावात पर्यटकांच्या भाकऱ्या भाजायच्या हायत."

वरच्या वाडीत मी गेले नाही. चढ होता, पाऊस होता, गुडघा दुखत होता. खालीच हवे तेवढे नमुने मिळत होते.

आणि मग हौशाबाई आली. वाडीची म्हातारी, कुणीतरी सांगितलं म्हणून स्वतःच चिखल तुडवत खाली उतरलेली. हातात काठी, काखेत करडू. म्हणाली, "माझं पन घे." मी म्हटलं, "आजी, आता झाले सगळे." तर बसकणच मारली तिने. "सगल्यांचं घेतलंस, माझंच कनाला न्हाय? माझं रगत काय हलकं हाय?" करडू दादाच्या ओटीवरची सुपारीची फुलं खात होतं आणि वहिनी त्याला हाकलत होती. वहिनीला शेळ्यांचा भारी राग. परसातली मिरचीची रोपं एकदा एकाने साफ केली होती, तेव्हापासून आमच्या दारात शेळी उभी राहायची बिशाद नव्हती. शेवटी मी हौशाबाईचं रक्त घेतलं. हातभर ओरखडे, करडांच्या खुरांचे. तिने चहा घेतला, गुळाचे दोन खडे घेतले, आणि वर चढून गेली.

प्लेटवर आळीतले सगळे फिके. आणि एक खळगा इतका गडद की यंत्राला मोजता येईना. हौशाबाई. आमच्या पेपरप्रमाणे ती बाई दोन दिवसांत जायला हवी होती. मी दादाला फोन लावला. तो म्हणाला, "हौशी? आत्ताच लाकडाचा भारा घेऊन गेली की समोरून."

मी परत प्लेट लावली. परत तेच. मग रक्त निम्मं पातळ करून पाहिलं. प्रथिन खरंच असेल तर रंगही निम्म्यावर यायला हवा. हौशाबाईचा हटेना. भाजी नसताना वरचा पाव टिकत होता. त्याला दुसरंच काहीतरी धरून ठेवत होतं.

अँटीबॉडी बनते कुठे, हे मी अजून सांगितलं नाही. ती प्राण्यांत बनवतात. उंदरात, सशात, शेळीत. प्रथिन प्राण्याला टोचायचं, त्याचं शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं, ती त्याच्या रक्तातून काढायची. कुठल्या प्राण्याची, ते बाटलीवर बारीक अक्षरांत असतं. मी फ्रीज उघडला आणि इतकी वर्षं हाताळलेल्या त्या दोन्ही बाटल्या भिंग लावून वाचल्या. आमची पहिली अँटीबॉडी शेळीची होती. दुसरीही शेळीची.

जो माणूस जन्मभर शेळ्यांत राहतो, त्यांची बाळंतपणं करतो, ओरखडे खातो, दूध काढतो, त्याच्या रक्तात शेळीच्या प्रथिनांविरुद्ध स्वतःच्या अँटीबॉडी तयार होऊ शकतात. अशा रक्ताला आमच्या प्लेटमधल्या दोन्ही अँटीबॉडी शेळीच्या म्हणून ओळखू येतात. ते एका हाताने खालची धरतं, दुसऱ्या हाताने वरची. मधे काहीही नसताना सँडविच तयार. तयार किट घेतलं की त्यात याचा बंदोबस्त बहुधा केलेला असतो. आमची जोडी घरी जुळवलेली होती.

खात्री करायला सोपा उपाय होता. हौशाबाईच्या सीरममध्ये मी आधीच साधं शेळीचं सीरम मिसळलं, म्हणजे तिच्या अँटीबॉडींचे हात त्यातच गुंतून पडावेत. खळगा फिका झाला. पांढराफटक.

मग मी बिघडलेल्या रुग्णांची जुनी यादी काढली. पत्त्यांच्या रकान्यात वाडी, वाडी, वाडी. वरच्या वाडीतली माणसं केंद्रापर्यंत यायलाच दोन-तीन दिवस लावायची. रस्ता नाही, कुणीतरी पाठुंगळी घेऊन उतरायचं. उशिरा यायची म्हणून बिघडायची. आणि वाडीत घरटी शेळ्या. आम्ही तीन पावसाळे ताप मोजत नव्हतो. आम्ही शेळ्या मोजत होतो.

मी सरांकडे गेले. सगळं सांगितलं, वही पुढे ठेवली. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग खिडकीकडे वळले. त्यांना कळलं होतं. इतकी वर्षं जवळून पाहिलेला माणूस, मला त्याच्या मानेवरून समजलं. मग म्हणाले, "एका म्हातारीवरून पेपर थांबवायचा का? शेळीची शक्यता आहे, नाही म्हणत नाही. पुढच्या पेपरात बघू. हा नमुना एसटीत तापला असेल. रेघ मारा."

मी म्हटलं, "सर, जुने नमुने फ्रीजरमध्ये आहेत. सगळ्यांत शेळीचं सीरम घालून बघते. एका दिवसाचं काम आहे."

"ते पुढच्या पायलट चाचणीला लागणार आहेत. वाया घालवू नका."

फ्रीजरच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. कुणाला न विचारता मी ते करू शकले असते. सरांनी माझा हात धरला नव्हता. मीच नाही केलं. त्या पेपरच्या पहिल्या पानावर, पाचव्या क्रमांकावर, माझं नाव होतं. सरांनी पाठवलेला मसुदा मी इतक्यांदा उघडून पाहिला होता की ते कोणत्या ओळीत येतं हे मला डोळे मिटून सांगता आलं असतं. ते नाव जाऊ नये म्हणून मला जुन्या नमुन्यांचं खरं कळून घ्यायचं नव्हतं. याला भीतीही म्हणता येणार नाही. हा हावरटपणा होता, साधा हावरटपणा.

मी पट्टी घेतली आणि हौशाबाईच्या नोंदीवर आडवी रेघ मारली. शेजारी लिहिलं: वाहतुकीत नमुना खराब. तारीख. सही.

पेपर छापून आला. दादाने त्याच्या पहिल्या पानाला अलिबागहून चौकट करून आणली आणि ओटीवरच्या भिंतीला लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट लावून दाखवायचा, "हे आमच्या शकीचं नाव." इंग्रजी येत नसलं तरी पाचवं नाव बरोबर सापडायचं त्याला.

पुढच्या पावसाळ्यात पायलट सुरू झाला. म्हणजे चाचणी आता नुसती वहीत नाही, खऱ्या रुग्णांवर. तोवर रो-रो सुरू झाली होती. केंद्रातून सकाळच्या बोटीने आइसबॉक्स यायचा, मी प्लेट लावायची आणि संध्याकाळी केंद्राच्या डॉक्टरांना फोन करायचा. नावं नसत, नंबर असत. गडद असेल तर म्हणायचं "हाय", म्हणजे ताबडतोब मोठ्या दवाखान्यात हलवा. फिका असेल तर "लो", म्हणजे तिथेच इंजेक्शनं द्या आणि लक्ष ठेवा. मी मनाची समजूत काढली होती की सगळ्यांवरच डॉक्टर लक्ष ठेवून आहेत, तापाची औषधं चालूच आहेत, आपल्या एका शब्दाने काय होणार?

श्रावणातल्या एका संध्याकाळी मी सहा नंबर सांगितले. पाच लो, एक हाय. त्यातला एक लो सांगितल्यावर पलीकडून केंद्रातल्या तरुण डॉक्टरने मला अडवलं. म्हणाला, "मॅडम, नक्की ना? बाई मला बरी वाटत नाहीये. डोळे लाल आहेत, लघवी कमी होतेय."

मी म्हटलं, "रीडिंग लो आहे."

हे माझे शब्द. मी त्याला म्हणू शकले असते, बाबा रे, तुझ्या डोळ्यांवर विश्वास ठेव, या प्लेटवर ठेवू नकोस. एवढंच वाक्य. पण मी मिठाची गुळणी धरली. वर मला त्याचा रागही आला, की कालचा पोर आमच्या चाचणीवर शंका घेतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाचा फोन आला. वहिनी गेली.

मी मांडव्याला उतरून गावी पोचले तेव्हा बायका तिला न्हाऊ घालत होत्या. दादा ओटीवर बसला होता. मला बघून म्हणाला, "शके, तुला कळवला न्हाय म्हनून रागावू नको. दोन दिसाचा ताप, म्हटलं कामात आसशील."

मग त्यानेच सांगितलं, अगदी साधेपणाने, माझी समजूत काढल्यासारखं. "डॉक्टर बोलला व्हता, गाडी बोलावतो, आत्ताच हलवू. मीच नको बोललो. म्हनलं रिपोर्ट लो आला ना? मग ऱ्हाऊ द्या. आमच्या शकीच्या लॅबचा रिपोर्ट हाय, चुकायचा न्हाय."

त्याच्या डोक्यावर भिंतीला ती चौकट होती.

मुंबईला परत आल्यावर मी फ्रीजर उघडला. सगळे जुने नमुने काढले आणि प्रत्येकात शेळीचं सीरम घातलं. एका दिवसाचं काम होतं. गडद खळगे एकामागून एक फिके झाले. जे एक-दोन उरले, त्यांचा बिघडण्याशी काही संबंध लागेना. वहिनीचाही नमुना त्यात होता, ओटीवर धडधाकट असताना दिलेला. तो आधीही फिका होता, आताही फिकाच. ताप येऊन मरताना दिलेलाही फिकाच निघाला. तिच्या रक्तात शेळी नव्हती, त्यामुळे आमची प्लेट तिच्याबद्दल कधीच काही बोलणार नव्हती.

ती प्लेट मी सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. या वेळी कोणाची वहिनी गेली तेही सांगितलं. ते उभे राहिले, पाणी प्यायले, खाली बसले. आठवड्याभरात पायलट बंद झाला, तांत्रिक कारणास्तव. दुसऱ्या प्राण्याची अँटीबॉडी मागवली गेली. पेपर मात्र मागे घेतला नाही. त्यावर एका मुलीची पीएचडी उभी होती, सरांचं नाव होतं, आणि माझंही. तो अजून आहे. लोक त्याचा संदर्भ देतात. निरोपसमारंभात सर माझ्याबद्दल बोलले, की असे प्रामाणिक हात त्यांनी दुसरे पाहिले नाहीत. मी हार गळ्यात घालून ऐकत उभी होते. गप्प राहायची तोवर सवय झाली होती.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. हौशाबाई अजून आहे. मागच्या मे महिन्यात भेटली, तीच काठी, नवं करडू. मला म्हणाली, "त्या माझ्या रगतात काय निघालं ते सांगितलंच न्हाईस गो कवा." मी म्हटलं, "आजी, तुमच्या रक्तात काही दोष नव्हता." पहिल्यांदा कुणालातरी खरा रिपोर्ट दिला.

वहीतला नियम मला आता कळतो. रेघेखालचं वाचता यायला हवं, ते दुसऱ्यांसाठी असतं असं मला वाटायचं. ते मारणाऱ्यासाठीही असतं.

दादाचे डोळे आता गेलेत. हा अंक दरवर्षी त्याच्या घरी येतो, वहिनी तो फराळाच्या पाककृतींसाठी घ्यायची, आता सूनबाई घेते आणि रात्रीच्या जेवणानंतर त्याला एकेक लेख वाचून दाखवते. माझा लेख आहे म्हटल्यावर हा सगळ्यांत आधी वाचला जाईल. म्हणून तर मी संपादकांना हो म्हटलं. तोंडाने सांगायला मी पाच वेळा गावी गेले आणि पाचही वेळा चहा पिऊन परत आले.

सूनबाई, एक काम कर. भिंतीवरची ती चौकट उतरव. सासूबाईंच्या फोटोशेजारी ती राहायला नको.

दादा, ती बरी होईल असं प्लेट म्हणाली नव्हती. मी म्हणाले होते, आणि तेव्हाही मला माहीत होतं की मला ते माहीत नाही. भाऊबीजेला दरवर्षीसारखी मी पहिल्या लाँचने येते आहे. निरांजन माझ्याकडे आहे. पाट मांडायचा की नाही, ते तू ठरव.